गाडी ऑइल खाते? इंजिन उघडण्याआधी दोन पुरावे मागा

(ऊसतोडीच्या हंगामात सातपुड्याकडून इकडे आलेल्या गावांची बैठक अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना इथे झाली. गावांच्या वर्गणीवर चालणाऱ्या जुन्या मॅटॅडोरला ऑइल फार लागतं, म्हणून डिझेल गाड्यांचं काम करणाऱ्या इथल्या एका मिस्त्रींना बोलायला बोलावलं होतं. त्यांचं भाषण खाली देत आहोत. बोलण्याची पद्धत बदललेली नाही. ज्या गावांत जुनी जीप, ट्रॅक्स किंवा ट्रॅक्टर आहे त्यांनाही उपयोगी पडेल. गावात वाचून दाखवावं.)



तुमच्या गाडीची हकिकत मला सांगितली. गाडी ऑइल खाते, मागून धूर मारते. एका गॅरेजात दाखवली तर पाच मिनिटं बघून सांगितलं, इंजिन गेलं, पूर्ण काम करा. आकडा मोठा आहे. तो पैसा कोयत्यावरच्या मजुरीतून आणि घरटी वर्गणीतून येणार, हे मला ठाऊक आहे. आणि गाडी उभी राहिली तर काय काय अडतं तेही ठाऊक आहे. प्रांताच्या कचेरीत दाव्याची तारीख असते. बाळंतपणाची बाई असते. रात्री कुणाला पान लागलेलं असतं. म्हणून आज दुसरं काही बोलत नाही. ऑइल नेमकं कुठं जातं, ते कसं हुडकायचं, एवढंच सांगतो.

तुम्ही वनहक्काचे दावे करणारी माणसं. २००६ चा कायदा आणि २००८ चे नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. त्यात दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे धरतात. जुना कागद, जागेवरची पाहणी, दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब. इंजिनाला हाच कायदा लावा. धूर दिसला हा एकच पुरावा झाला. एका पुराव्यावर इंजिन उघडायचं नाही. दुसरा पुरावा त्याच्या जोडीला उभा राहिला, तरच पाना लावायचा.

तुमची मॅटॅडोर म्हणजे पुण्याच्या बजाज टेंपोची गाडी. त्या कंपनीचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स आहे. मॅटॅडोर आता बनत नाही. पण तिच्यातलं चार सिलिंडरचं, २.४ लिटरचं इंजिन मर्सिडीजच्या नकाशावरून परवाना घेऊन इथं बनवलेलं. त्याला ओम ६१६ म्हणतात. तेच इंजिन पुढे ट्रॅक्सला आलं. दणकट इंजिन आहे. नीट ठेवलं तर लाखो किलोमीटर चालतं. म्हणून "जुनी आहे, खाणारच" असं म्हणून सोडूनही देऊ नका, आणि "जुनी आहे, गेलीच" असं कुणी म्हटलं तर मानही हलवू नका.

आधी माप, मग मत

मी पहिला प्रश्न विचारतो, किती खाते? उत्तर येतं, "लय खाते." लय म्हणजे किती? कुणी सांगत नाही. कारण चार ड्रायव्हर आहेत, ज्याला आठवण येते तो ओततो.

माप असं घ्यायचं. गाडी सपाट जागेवर उभी. सकाळी, इंजिन थंड असताना, चालू करायच्या आधी. काडी काढायची, पुसायची, परत घालायची, मग काढून वाचायची. उतारावर उभ्या गाडीची काडी खोटं सांगते. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाचीही खोटं सांगते, कारण अर्धं ऑइल अजून वर हेडमध्ये असतं, खाली चेंबरमध्ये उतरलेलं नसतं.

काडीवर खालची खूण आणि वरची खूण, यांच्यामध्ये किती ऑइल बसतं ते प्रत्येक गाडीचं वेगळं. ते एकदा स्वतः मोजून ठेवा. पुढच्या वेळी ऑइल बदलाल तेव्हा खालच्या खुणेपर्यंत भरा, मग अर्धा-अर्धा लिटर मापाने ओता, दर वेळी थोडं थांबून काडी बघा. मग तुम्हाला कळेल की काडीवरचं बोटभर म्हणजे किती.

एक वही करा. दोरीने गाडीत बांधा. तारीख, किलोमीटर, काडी कुठं आहे, किती ओतलं, धूर कसा होता, घाट होता का, भार किती होता. कोण चालवत होतं ते लिहू नका. नाहीतर वहीचं भांडण होतं आणि मग कुणीच लिहीत नाही.

आता किती म्हणजे जास्त? माझा अंदाज असा. जुन्या डिझेल इंजिनाला हजार किलोमीटरला अर्धा लिटर लागलं तर झोप मोडायची गरज नाही. हजाराला एक लिटर लागलं तर लक्ष ठेवायचं आणि शोध सुरू करायचा. पाचशेला एक लिटर लागलं तर काम काढायचं. दोनशेला एक लिटर म्हणजे गाडी बाहेरगावी न्यायचीच नाही.

वरच्या खुणेच्या वर ऑइल भरू नका. पुष्कळ जण "खातेच तर जास्त घाल" म्हणून लिटरभर चढवून भरतात. मग क्रँक त्या ऑइलात आपटतो, फेस होतो, ऑइल उडून वर जातं, ब्रीदरमधून बाहेर पडतं, जळतं. चार दिवसांत काडी खाली येते आणि माणूस म्हणतो, बघा किती खाते. दोन खुणांच्या मध्ये थोडं वर ठेवा आणि पंधरा दिवस वही लिहा. काही गाड्यांचं दुखणं इथंच संपतं.

ऑइल जायच्या वाटा

इंजिनातून ऑइल जायच्या वाटा मोजक्या आहेत. एक, बाहेर गळतं. दोन, आत जळतं. तीन, पाण्यात जातं. जळतं त्यालाही पोटवाटा आहेत. खालून रिंगांच्या बाजूने चढतं, वरून वॉल्व्हच्या गाइडमधून उतरतं, किंवा हवेच्या रस्त्याने ओढलं जातं. आणि चौथी गोष्ट उलटी आहे, ऑइलात डिझेल मिसळतं. एक-एक बघू, सोप्यापासून अवघडाकडे. स्वस्तापासून महागाकडे म्हणा.

बाहेर गळतंय का

आधी हिशेब ऐका, मग गळती किती मोठी गोष्ट आहे ते कळेल. साधारण वीस थेंबांचा एक मिली धरा. लिटरला वीस हजार थेंब. गाडी ताशी चाळीसने चालली तर हजार किलोमीटरला पंचवीस तास, म्हणजे नव्वद हजार सेकंद. तेव्हा दर साडेचार सेकंदाला एक थेंब गळला तरी हजार किलोमीटरला एक लिटर गेलं. तो थेंब चालत्या गाडीत कुणाला दिसत नाही. रस्त्यावर पडतो, वाऱ्याने चेंबरला पसरतो, धुळीत मिसळतो. धूर नाही, आवाज नाही, इंजिन आतून ठणठणीत, आणि तुम्ही रिंगा टाकायला निघालात!

हुडकायचं असं. इंजिन खालीवर डिझेल आणि ब्रशने धुवा, मग साबणाने, मग कोरडं करा. रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुने पेपर पसरा. सकाळी डाग बघा आणि डागाच्या वर काय आहे ते बघा. उभ्या गाडीत काही पडलं नाही म्हणजे गळत नाही असं समजू नका. पुष्कळ गळती इंजिन गरम आणि ऑइलचं प्रेशर वर असतानाच होते. म्हणून धुतलेल्या इंजिनावर चुन्याची किंवा खडूची कोरडी पूड भुरभुरवा, वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, मग टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्यावर काळी रेघ लगेच दिसते. रेघेचं वरचं टोक धरा, खालचं नाही. ऑइल वरून खाली येतं आणि वाऱ्याने मागे जातं.

बघायच्या जागा: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक, प्रेशरच्या स्विचची जागा आणि प्रेशरचा पाइप, चेंबरचं पॅकिंग आणि ड्रेनचा नट, पुढच्या पुलीमागचं सील, आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या मधली जागा. तिथून काळं ऑइल पडत असेल तर क्रँकचं मागचं सील. गिअरचं ऑइल घट्ट असतं, वास उग्र असतो. बोटावर घेऊन ओळखता येतं.

आणखी एक जागा लोक विसरतात. पुष्कळ डिझेल गाड्यांना ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप असतो, कधी तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. त्याला इंजिनाचंच ऑइल जातं. त्याचं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं. कधी ब्रेकच्या बूस्टरकडेही जातं. ब्रेक जड लागायला लागला आणि ऑइलही कमी होतंय, अशा दोन तक्रारी एकदम आल्या तर आधी ही जागा बघा. ही नुसत्या ऑइलची गोष्ट नाही, ब्रेकची आहे.

ब्रीदर: फुकटचं काम

पिस्टनच्या बाजूने थोडा धूर, थोडी हवा खाली चेंबरमध्ये जातेच. ती बाहेर पडायला ब्रीदरचा पाइप असतो. तो बुजला तर आत दाब वाढतो. दाब वाढला की जिथं सील कमजोर आहे तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. तुम्ही सील बदलता, महिन्याने दुसरं गळतं. तेही बदलता. दोष सीलचा नसतोच.

पाइप काढा, डिझेलने धुवा, आतली जाळी असेल तर तीही धुवा. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहिली असेल तर हमखास बघा. कुंभारमाशी अशा पाइपात मातीचं घर करते. पाइप वाकून दबलेला नाही ना, तेही बघा. याला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. हे केल्याशिवाय पुढचं काही करू नका.

धूर वाचायला शिका

धूर तीन रंगांचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. नोझल, पंप, एअर क्लीनर बघा. त्याचा ऑइलशी संबंध नाही. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ येतो, तो न जळलेल्या डिझेलचा असतो, डोळ्यांना झोंबतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर पाणी आत जातंय. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे ऑइल जळतंय.

रंग ओळखता येत नसेल तर पांढरा कपडा काठीला बांधून सायलेन्सरच्या तोंडापुढे थोडा वेळ धरा. कोरडी काजळी आली तर डिझेलची. तेलकट ओले ठिपके आले तर ऑइलचे. मात्र नोझल गळत असेल तर कच्च्या डिझेलचेही ओले ठिपके येतात, म्हणून वास घ्या.

पण खरा पुरावा रंगात नाही. धूर कधी येतो, यात आहे.

सकाळी चालू केल्यावर निळा लोट आला आणि मिनिट-दोन मिनिटांत साफ झाला, तर रात्रभर ऑइल वॉल्व्हच्या गाइडमधून खाली झिरपलेलं आहे. वॉल्व्हची रबरी सीलं कडक झाली असतील किंवा गाइड झिजले असतील. तसंच, दहा मिनिटं उभ्या-उभ्या इंजिन चालू ठेवलं आणि मग एकदम ॲक्सिलेटर दिल्यावर एक लोट आला आणि थांबला, तरी बोट गाइडकडेच जातं.

उलट, भार भरून चढ चढताना, जोर लावेल तेवढा वेळ निळा धूर येत राहिला, तर रिंगा आणि सिलिंडरकडे बघायचं.

तुम्हाला तपासायला जागाही आयती आहे. खानदेशातून इकडे येताना चाळीसगाव सोडलं की कन्नडचा घाट लागतो. येताना चढ, जाताना उतार. चढताना मागच्या गाडीतल्या माणसाला सांगा, धूर सारखा येतो का बघ. परत जाताना उतारावर गाडी गिअरात, ॲक्सिलेटर सोडलेला, आणि खाली आल्यावर पहिल्यांदा पाय दिला की लोट येतो का बघ. काही जुन्या इंजिनांच्या पंपाला हवेवर चालणारा गव्हर्नर असतो, हवेच्या तोंडाशी झडप असते. त्या गाड्यांत ही उताराची खूण जास्त स्पष्ट दिसते, कारण झडप बंद असताना आत ओढ तयार होते आणि गाइडमधून ऑइल खेचलं जातं. झडप नसलेल्या गाडीत उतारावर काही दिसलं नाही म्हणजे गाइड चांगले, असा अर्थ काढू नका.

बॅक कॉम्प्रेशन

इंजिन गरम करा, हळू चालू ठेवा. ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं तोंडावर ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं, आणि तोंडातून धूर भकाभका, इंजिनाच्या ठोक्याबरोबर यायला लागला, तर बॅक मारतंय. म्हणजे रिंगांच्या बाजूने दाब खाली येतोय. आधी ब्रीदर साफ केलेला पाहिजे, नाहीतर ही परीक्षा खोटी पडते.

आता पुरावे जोडा. चढावर सारखा निळा धूर आणि झाकण उडतंय, तर रिंगांच्या बाजूने दोन पुरावे झाले. सकाळी एकच लोट, चढावर साफ, आणि झाकण शांत, तर गाइडच्या बाजूने दोन पुरावे झाले. दुसऱ्या जागी हेडचं काम आहे, कधी फक्त सीलं बदलून भागतं. पूर्ण इंजिन बांधायच्या खर्चात आणि याच्यात फार मोठा फरक आहे. तुमच्या वर्गणीचा प्रश्न इथंच सुटतो.

हवेचा रस्ता

आमच्याकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आहे, म्हणून ऊस आहे, म्हणून तुम्ही इथं आहात. आणि उसाच्या फडातला रस्ता म्हणजे काळ्या मातीचा फुफाटा. तुमच्याकडे डोंगरात मुरमाचे रस्ते, तिथंही तेच. धुळीइतकं इंजिनाला कुणी खात नाही.

एअर क्लीनरच्या पुढचा रबरी पाइप काढा, आत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर धूळ इंजिनात जातेय. क्लीनर बुजलेला आहे, फाटलेला आहे, किंवा पाइपाची पट्टी सैल आहे. अशा गाडीत नव्या रिंगा टाकल्या तर त्याही थोड्या महिन्यांत जातात. मग मिस्त्रीला शिव्या बसतात. आधी हवेचा रस्ता बंदिस्त करा, मग इंजिनावर पैसा घाला.

काही गाड्यांना तेलाच्या वाटीचा क्लीनर असतो. त्या वाटीत खुणेपर्यंतच ऑइल भरायचं. जास्त भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून जाळतं, निळा धूर येतो आणि लोक रिंगांना दोष देतात. तळाशी चिखल साठला की धुवायची. फुफाट्याच्या दिवसांत आठवड्याला बघायची.

ऑइल वाढतं तेव्हा जास्त भ्या

काडीवर ऑइल कमी होत नाही, उलट वाढतं. लोक खूश होतात. हे वाईट लक्षण आहे. डिझेल ऑइलात मिसळतंय. डिझेलचा हातपंप आणि फीड पंप जिथं बसलाय तिथलं सील, मोठ्या पंपाचे घटक, किंवा गळकं नोझल, यातून डिझेल चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, वंगण राहत नाही, बेअरिंग जातात. आणि एक गंमत होते. इकडे ऑइल जळतंय, तिकडे डिझेल भरतंय, काडी जागेवरच. वही म्हणते सगळं ठीक, आणि इंजिन आतून चाललंय.

काडीचा वास घ्या. दोन बोटांत ऑइल चोळून बघा, पाण्यासारखं घसरतं का. टिपकागदावर एक थेंब टाका आणि बाजूला नव्या ऑइलचा एक टाका. डिझेल मिसळलेलं लवकर आणि लांब पसरतं.

ऑइल दुधाळ, कॉफीसारखं झालं तर त्यात पाणी आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा इंजिन चालू असताना बुडबुडे येत असतील तर हेडचं गॅस्केट बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, थंड असतानाच बघा. अशी गाडी चालवत घरी नेऊ नका, ओढून न्या.

मापाची परीक्षा

इथपर्यंत सगळं तुम्ही स्वतः करू शकता. पुढचं मिस्त्रीकडून करून घ्यायचं, पण समोर उभं राहून.

पहिली, कॉम्प्रेशन. डिझेलचंच गेज पाहिजे, पेट्रोलच्या गेजने होत नाही. तुमच्या ओम ६१६ मध्ये चांगल्या इंजिनाला २२ ते २४ बार दाखवतं, १५ च्या खाली गेलं तर काम आलं. चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिहून घ्या. आकड्यापेक्षा फरक बघा. तीन सारखे आणि एक खाली, तर दुखणं त्या एकाच जागी आहे. काही जण सिलिंडरमध्ये ऑइल ओतून परत मोजतात. डिझेलमध्ये वर जागा फार थोडी असते आणि ऑइल दबत नाही. जास्त ओतलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तसं करू देऊ नका.

दुसरी परीक्षा मला जास्त आवडते, आणि ती पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवरही होते. पिस्टन वर आणायचा, दोन्ही वॉल्व्ह बंद, नोझल किंवा हीटर प्लगच्या भोकातून हवा सोडायची, आणि कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुस्स आलं तर रिंगा. हवेच्या तोंडातून आलं तर आतला वॉल्व्ह. सायलेन्सरमधून आलं तर बाहेरचा वॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. फक्त एक सांभाळा. हवेच्या दाबाने इंजिन झटक्यात फिरतं. पंखा, बेल्ट, हँडल, कुठंही हात नको.

गाइडची सीलं मात्र या परीक्षेत सापडत नाहीत, कारण वॉल्व्ह बंद असला की हवा जात नाही. त्यासाठी सकाळचा लोट आणि उतारावरचा लोट, हेच पुरावे.

गाडी स्वतःचंच ऑइल पिऊन सुटते तेव्हा

हे सगळ्यांनी ऐका. ड्रायव्हर नसाल तरी ऐका.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत जे जळण्यासारखं जाईल त्यावर ते चालतं. ऑइल फार जायला लागलं तर एखाद्या दिवशी इंजिन डिझेल सोडून ऑइलवरच चालायला लागतं. आवाज चढत जातो, धुराचा डोंगर होतो, चावी बंद केली, स्टॉपची तार ओढली, तरी थांबत नाही. फुटेपर्यंत फिरतं.

तेव्हा काय करायचं? गाडी उभी असेल तर ब्रेक पूर्ण दाबा, सगळ्यात वरच्या गिअरात घाला आणि क्लच एकदम सोडा. इंजिन दबून मरतं. ते जमलं नाही तर हवेचं तोंड जाड फळीने बंद करा. हाताने नाही, टॉवेलने नाही. इंजिन ते आत ओढतं. तेही जमलं नाही तर सगळ्यांना खाली उतरवा आणि लांब व्हा. गाडी परत मिळते.

दोनशे किलोमीटरला लिटर खाणारी गाडी माणसं भरून घाटात का न्यायची नाही, त्याचं हे कारण.

मिस्त्रीला काय विचारायचं

दोन पुरावे मिळाले, इंजिन उघडायचं ठरलं. तरी तोंडाने बोलून सोडू नका. हेड उघडल्यावर दोन माणसांनी हजर राहायचं. सिलिंडर वर आणि खाली मापून दाखवा म्हणायचं. वर जास्त झिजलेला असतो, फरक आकड्यात दाखवा म्हणायचं. जुनी रिंग सिलिंडरमध्ये बसवून तिच्या तोंडातली फट गेजने दाखवा म्हणायचं. रिंगा कार्बनने पिस्टनमध्ये चिकटलेल्या असतील तर कधी साफ करून नव्या रिंगांवर भागतं, बोअर करायची गरज नसते. बदललेला प्रत्येक पार्ट परत मागा. बिलावर पार्टचं नाव आणि आकडा लिहून घ्या. चांगला मिस्त्री याला रागावत नाही. त्याचं काम सोपं होतं.

नवीन रिंगा टाकल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी फार तापवू नका, फार दाबू नका, पण उभ्या-उभ्या तासन्‌तास चालूही ठेवू नका. तुमच्या सभेत भोंग्याची बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवतात, ते बंद करा. बिनभाराचं हळू चालणारं इंजिन नीट गरम होत नाही, सिलिंडर काचेसारखा गुळगुळीत होतो, रिंगा बसत नाहीत आणि ऑइल वर चढतं. भोंग्याला वेगळी बॅटरी ठेवा.

ऑइल डिझेल इंजिनाचंच, सीलबंद डब्यातलं घ्या. डब्यावरचा ग्रेड गाडीच्या पुस्तकाशी जुळवा. सुट्टं ऑइल स्वस्त पडतं, पण ते काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आणि काढलेलं काळं ऑइल नाल्यात ओतू नका. तुम्ही झऱ्याचं पाणी पिणारी माणसं. बैलाच्या जखमेलाही लावू नका, चुलीतही घालू नका. कॅनमध्ये साठवा आणि शहरात गेलात की जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

तुमच्या गाडीचं काय, ते मी आज सांगणार नाही. मी अजून एकच पुरावा बघितलाय, धुराचा. उद्या सकाळी सहाला, कुणी चावी लावायच्या आधी, मी येतो. ब्रीदर साफ करू, काडी वाचू, झाकण उलटं ठेवून बघू. ज्यांना शिकायचंय त्यांनी यावं, बायांनीही यावं. वही आणि पेन घेऊन या. पंधरा दिवस लिहा, मग गावाच्या बैठकीत ती वही मांडून ठरवा, पैसा कशावर घालायचा ते.

जोहार.

(गाडीत चिकटवण्यासाठी)
१. काडी सकाळी, सपाट जागी, थंड इंजिनावर. वहीत लिहा.
२. वरच्या खुणेच्या वर ऑइल नको.
३. आधी गळती आणि ब्रीदर, मग धूर.
४. सकाळचा एक लोट: गाइड. चढावर सारखा निळा: रिंगा.
५. ऑइल वाढलं किंवा दुधाळ झालं: गाडी थांबवा.
६. इंजिन सुटलं: ब्रेक, वरचा गिअर, क्लच सोडा. नाहीतर फळीने हवा बंद. हात नको.
७. दोन पुराव्यांशिवाय इंजिन उघडायचं नाही.